सव्यसाची : नावातला डावा हात



गीतेच्या अकराव्या अध्यायातला तेहतिसावा श्लोक आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. त्याच्या अगदी शेवटी भगवंतांनी अर्जुनाला ‘सव्यसाचिन्’ अशी हाक मारली आहे. पार्थ, कौंतेय, धनंजय, गुडाकेश ही नावे गीतेत पुन्हा पुन्हा येतात, पण ही हाक सातशे श्लोकांत एकदाच आहे. पाठ म्हणताना जीभ त्यावरून सहज पुढे सरकते. अर्थ विचारला तर बहुतेक जण म्हणतात, ‘दोन्ही हातांनी बाण मारणारा.’ ते बरोबरच आहे. पण मग ‘सव्य’ म्हणजे काय, असं विचारलं की पंचाईत होते. एक जण म्हणतो उजवा, दुसरा म्हणतो डावा, आणि तिसरा म्हणतो, ‘दोन्ही म्हणजे सव्य असेल!’

हल्ली सत्काराच्या मानपत्रांत हा शब्द सर्रास दिसतो. एखादे गृहस्थ कारखाना चालवतात आणि कविताही करतात, की झाले ‘सव्यसाची व्यक्तिमत्त्व’. शब्द वाढतात, पसरतात, त्याला हरकत नाही. बंगालात तर मुलांची नावेच सव्यसाची ठेवतात; शरदचंद्र चट्टोपाध्याय यांच्या १९२६ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘पथेर दाबी’ या कादंबरीच्या क्रांतिकारक नायकाचेही हेच नाव आहे. पण मानपत्रातल्या शब्दात हात उरत नाही, आणि या शब्दाची सगळी मौज हातात आहे. म्हणून या अंकाच्या निमित्ताने तो जरा उलगडून पाहू.

सव्य म्हणजे डावा. अमरकोशात शरीराच्या डाव्या अंगाला सव्य आणि उजव्याला अपसव्य म्हटले आहे. वामन शिवराम आपटे यांच्या १८९० सालच्या संस्कृत कोशातही डावा हाच अर्थ पहिला आहे. हा शब्द फार जुना. इराणच्या पारशी धर्मग्रंथांची जी अवेस्ता भाषा, तिच्यात त्याचे सख्खे भावंड ‘हओय’ असे आहे. आपल्या ‘स’चा तिकडे ‘ह’ होतो, जसा सप्तचा हप्त. त्याचाही अर्थ डावाच.

खरं म्हणजे कोश उघडायचीही गरज नाही. पुरावा आपल्या खांद्यावरच आहे. श्राद्धाला बसलेल्या माणसाला गुरुजी सांगतात, ‘सव्य करा’, की जानवे डाव्या खांद्यावर येते. ‘अपसव्य करा’ म्हटले की ते उजव्या खांद्यावर जाते. देवकार्याला सव्य, पितृकार्याला अपसव्य. त्या तासाभरात जानवे इतक्या वेळा इकडून तिकडे होते की मराठीत ‘सव्यापसव्य’ म्हणजे नाना खटपटी, असा अर्थच होऊन बसला. सरकारी दाखला काढायला केवढी सव्यापसव्ये करावी लागतात, असे आपण म्हणतो ना, ते मूळचे श्राद्धातले.

मग घोटाळा कुठे झाला? तो प्रदक्षिणेत झाला. देव आपल्या उजव्या हाताला ठेवून फिरायचे, ही आपली रीत. त्या प्रदक्षिणेला लोक ‘सव्य प्रदक्षिणा’ म्हणतात, आणि तिथूनच सव्य म्हणजे उजवा अशी समजूत होते. माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण असे असावे : रोजच्या देवपूजेत जानवे सव्य असते, म्हणून सव्य म्हणजे रीतसर, सरळ, आणि अपसव्य म्हणजे उलटे, असा भाव लोकांच्या मनात बसला. प्रदक्षिणेची रीतसर दिशा ती मग सव्य ठरली. आपटे यांच्या कोशातही पुढे कुठेतरी उजवा हा अर्थ नोंदलेला आहेच. शब्द असा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो! पण अर्जुनाच्या नावातला सव्य हा जुना, म्हणजे डावाच.

आता ‘साची’. संस्कृतात सच् असा धातू आहे, त्याचा अर्थ जोडून असणे, संगत धरणे. डाव्या हाताशी ज्याची संगत आहे, डावा हात ज्याने कामाला जोडला आहे, तो सव्यसाची. साचि म्हणजे तिरपे असाही एक शब्द आहे आणि काही जण तिकडे बोट दाखवतात. मला पहिला अर्थ पटतो. तिरपा नेम धरणाऱ्याला कुणी बिरुद कशाला देईल?

म्हणजे गंमत बघा. या नावात ‘दोन्ही’ हा शब्दच नाही. उजव्याचा तर उल्लेखही नाही. आहे तो फक्त डावा. उजवा हात काम करतो हे सगळ्यांना ठाऊकच आहे, त्याचे काय एवढे सांगायचे? ज्याचा डावाही उजव्याच्या बरोबरीने चालतो त्याचे वेगळेपण डाव्यात आहे, म्हणून नाव डाव्याचे.

धनुष्याच्या बाबतीत हे नीट समजून घ्यायला हवे. उजव्या हाताचा धनुर्धर धनुष्य डाव्या हातात धरतो आणि प्रत्यंचा उजव्याने ओढतो. म्हणजे डावा हात कुणाचाच रिकामा नसतो, पण तो धरण्याचे काम करतो. सव्यसाची ही वाटणी उलटी करू शकतो. धनुष्य उजव्यात घेऊन डाव्याने ओढतो. याचा रणात मोठा उपयोग. उजव्याने ओढणाऱ्याला आपल्या डाव्या बाजूचा शत्रू टिपणे सोपे जाते, उजव्या बाजूला मात्र अंग फार वळवावे लागते. रथात उभ्या असलेल्या माणसाला ते जड. हात बदलता आला की दोन्ही बाजू सारख्याच मोकळ्या. शिवाय एक हात दमला तर दुसरा आहेच.

महाभारतात या नावाचा खुलासा खुद्द अर्जुनाच्या तोंडी येतो, तो विराटपर्वात. अज्ञातवास संपत आलेला, कौरवांनी विराटाच्या गाई वळवलेल्या, आणि राजपुत्र उत्तर सारथ्याला, म्हणजे बृहन्नडेला, घेऊन निघालेला. शमीच्या झाडावरची शस्त्रे उतरवली जातात आणि बृहन्नडा सांगते की मीच अर्जुन. उत्तराचा विश्वास बसत नाही. तो म्हणतो, अर्जुनाची दहा नावे सांग, मग मानीन. अर्जुन, फाल्गुन, जिष्णू, किरीटी, श्वेतवाहन, बीभत्सू, विजय, कृष्ण, सव्यसाची, धनंजय. उत्तर एवढ्यावरही थांबत नाही, प्रत्येक नावाचे कारण विचारतो. (बँकेत सही जुळली तरी फोटो मागणारे अधिकारी मी पाहिले आहेत, त्यातलाच हा!) सव्यसाचीच्या बाबतीत अर्जुन जे सांगतो त्याचा आशय असा, की गांडीव ओढण्याच्या कामी त्याला दोन्ही हात ‘दक्षिण’ आहेत.

दक्षिण म्हणजे उजवा, आणि दक्षिण म्हणजे निपुणही. नावात डावा आणि खुलाशात उजवा, असा हा प्रकार आहे. इंग्रजीतला अँबिडेक्स्ट्रस हा शब्द लॅटिनमधून आलेला. अँबी म्हणजे दोन्ही, डेक्स्टर म्हणजे उजवा. दोन्ही हात उजवे असलेला! हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकच कल्पना केली. पण फरकही लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्रजी शब्दात डावा हात शिल्लकच राहिला नाही, त्याला बढती देऊन उजवा करून टाकले. आपल्या शब्दात डावा हात डावा राहूनच मानाला चढला. आणखी एक : जुन्या इंग्रजी कायद्यात अँबिडेक्स्टर म्हणजे दोन्ही पक्षांकडून पैसे खाणारा ज्युरीतला माणूस, असाही अर्थ होता. सव्यसाचीला असला डाग कधी लागला नाही.

विराटपर्वातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अज्ञातवासाला निघताना कुणी काय वेष घ्यायचा ते ठरते, तेव्हा अर्जुनापुढे अडचण असते ती हातांची. प्रत्यंचेच्या घासण्याने त्याच्या बाहूंवर घट्टे पडलेले आहेत, आणि तेही दोन्ही. एका हातावरचा घट्टा कुठल्याही सैनिकाचा असू शकतो. दोन्ही हातांवर घट्टे असलेला माणूस ओळखू येणार. म्हणून तो दोन्ही हातांत बांगड्या घालून ते झाकतो. आपल्याला बृहन्नडेच्या बांगड्यांचे हसू येते, पण त्यांच्याखाली काय होते ते हे आहे. सव्यसाची हे काही जन्मजात वरदान नव्हते. त्याच्या मागे घासून घासून केलेला सराव होता.

आता परत गीतेकडे. भगवंत त्या श्लोकात सांगतात की हे सगळे योद्धे मी आधीच मारलेले आहेत, तू फक्त निमित्त हो. आणि नेमकी तिथेच सव्यसाची ही हाक येते. वर वर पाहता हे विचित्र आहे. निमित्तच व्हायचे तर हात एक काय आणि दोन काय! ‘भक्ता’ म्हटले असते तरी चालले असते. पण भगवंतांनी त्याच्या कष्टाने कमावलेल्या विद्येचेच नाव घेतले. मला यातून असे वाटते, की निमित्त होणे म्हणजे हात आखडून बसणे नव्हे. ज्याने दोन्ही हात झिजवले आहेत त्यालाच, हे तुझ्या हातांचे नव्हे, असे सांगण्यात अर्थ आहे. ज्याने काहीच केले नाही त्याने ‘सगळे दत्तमहाराजच करतात’ म्हणणे सोपे आहे. आपल्यात ती मंडळीही थोडी आहेत, नाव घेत नाही.

अलीकडचे एक उदाहरण. गांधीजींनी नोव्हेंबर १९०९ मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर ‘हिंद स्वराज्य’ हे पुस्तक गुजरातीत लिहिले. हस्तलिखित २७५ पानांचे, लिहायला दहा दिवस. उजवा हात दुखायला लागला की ते डाव्या हाताने लिहीत; अशी सुमारे ४० पाने डाव्या हातची आहेत. बाणाच्या जागी टाक आला, पण काम सव्यसाचीचेच.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, की आपली रोजची मराठी डाव्या हाताशी फारशी बरी वागत नाही. उजवा हा शब्द उजू, म्हणजे सरळ, या कुळातला. व्रत पार पडले की ते उजवते, मुलगी उजवली म्हणजे तिचे लग्न झाले, देवाने उजवा कौल दिला की काम फत्ते. उलट एखाद्याला टाळून पुढे गेले की डावलले. सासूने सुनांत फरक केला की डावे-उजवे केले. संस्कृतात ‘वाम’ म्हणजे सुंदर असाही अर्थ आहे, विठोबाच्या शेजारची रखुमाई वामांगी आहे, जेवणानंतर आपण घेतो तीही वामकुक्षी. पण हे कुणाला आठवत नाही. आमच्या खतावणीत डावी बाजू नावे आणि उजवी बाजू जमा असे. दिवसाअखेर दोन्हींची बेरीज सारखी आली नाही तर घरी जायला मिळत नसे. तिथे डाव्या बाजूला कमी लेखून चालतच नव्हते.

माझ्याबरोबर एक कॅशियर होते. लिहायचे उजव्या हाताने, पण नोटा मोजायचे, सुतळीची गाठ मारायचे, कुलपाला किल्ली लावायचे ती सगळी डाव्याने. कारण विचारले तर म्हणाले, ‘शाळेत मास्तरांनी डाव्या हातावर छड्या मारून मारून लिहिणं उजव्यावर आणलं. बाकीच्या कामांना मास्तर हजर नव्हते.’ ते हसत सांगायचे, पण त्यांचे अक्षर शेवटपर्यंत आठवीतल्या मुलासारखे राहिले. आपल्या वयाच्या पुष्कळ डावखुऱ्या माणसांची हीच हकीकत आहे. ही सक्तीची सव्यसाची मंडळी! अर्जुनाने उजव्याच्या जोडीला डावा मिळवला. यांचा चालता हात बांधून ठेवून दुसरा चालवला. याला विद्या म्हणता येत नाही. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्याने करत आले आणि लिहितात डाव्याने. घरच्यांनी तो हात तसाच राहू दिला, बिघडले काय?

हे लिहायचे कारण आपल्या देवळातच आहे. गुरुवारच्या आरतीनंतर तीर्थाच्या रांगेत लहान मुले असतात. त्यातले एखादे डावा हात पुढे करते, आणि मागून दोन-तीन आवाज येतात, ‘उजवा! उजवा!’ मूल बावरून दोन्ही हात मागे घेते आणि तीर्थ फरशीवर सांडते. तीर्थ उजव्या हातावर घ्यावे ही परंपरा आहे आणि ती मला मोडायची नाही. पण त्याच तीर्थाकडे नीट पाहा. उजव्या तळव्याखाली आपण डावा तळवा धरतो, म्हणून थेंब खाली पडत नाही. संध्येला बसलो की पळी डाव्या हातात असते. तोच उजव्यावर पाणी घालतो, तेव्हा आचमन होते. उजव्याने निरांजन ओवाळले जाते, त्या वेळी घंटा डाव्यात वाजते. जप उजव्या बोटांवर मोजतात, पण माळा किती झाल्या याचा हिशेब डाव्या बोटांवर ठेवतात. ओंजळ तर एका हाताची होतच नाही. आणि ज्या मूर्तीपुढे आपण हे सगळे करतो तिला सहा हात आहेत. माळ आणि कमंडलू, डमरू आणि त्रिशूळ, शंख आणि चक्र. प्रत्येक जोडीतली एक वस्तू उजवीकडे आणि एक डावीकडे. ब्रह्मा, विष्णू, महेश तिघांनीही आपल्या खुणा दोन्ही बाजूंना वाटून दिल्या आहेत.

तेव्हा सूचना एवढीच. मुलाला ‘उजवा’ म्हणून ओरडण्याऐवजी ‘दोन्ही हात धर बाळ’ म्हणावे. दोन्ही हात पुढे आले की उजवा वर ठेवायला सांगणे सोपे जाते, आणि डाव्याला मार बसल्यासारखे होत नाही. घरात लिहिणे, चित्र काढणे, चेंडू फेकणे ज्या हाताने चालते त्या हाताने चालू द्यावे. नातवंडांच्या बाबतीत सुनेला किंवा मुलीला टोमणे देऊ नयेत. हात काही तिने निवडलेला नाही.

शेवटी गुरुचरणांविषयी, कारण दत्तसंप्रदायात पादुकांना जो मान आहे तो दुसऱ्या कशाला नाही. गाणगापूरच्या निर्गुण पादुका, नृसिंहवाडीच्या मनोहर पादुका, औदुंबरच्या विमल पादुका. तिथे आपण दुरून दर्शन घेतो, पण गुरूंच्या किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पायांना प्रत्यक्ष हात लावायची वेळ येते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात याची रीत सांगितली आहे. हात एकमेकांवरून ओलांडून, सव्याने सव्य पाय आणि दक्षिणाने दक्षिण पाय शिवायचा. समोर उभ्या असलेल्या माणसाचा डावा पाय आपल्या उजव्या हाताला येतो, म्हणून हात ओलांडावे लागतात. इथे गुरूंचा डावा पाय उजव्या हाताला मिळत नाही, तो डाव्याच्याच वाट्याचा आहे. हल्ली एका हाताने गुडघ्याला स्पर्श करून नमस्कार उरकतात. येत्या दत्तजयंतीला, मार्गशीर्ष पौर्णिमेला, घरातल्या मुलांना ही जुनी रीत करून दाखवावी. आधी उजवा हात ओलांडून उजव्या पायावर, मग त्याच्यावरून डावा हात डाव्या पायावर, आणि मस्तक दोन्ही हातांच्या मध्ये. पहिल्यांदा मुले गोंधळतात आणि खुदुखुदु हसतात. तीन-चार वेळा केले की जमते.